पिकअपची खांदशेकणी

विमलताईचं तोंड सुटलं की शेजारच्या घरातली भांडणं आपोआप थांबायची. भांडणाऱ्यांनाही ऐकायचं असायचं, आज ही कोणाला धरते आहे. ती कोणालाही धरायची. ग्रामसेवकाला, पातळ दूध घालणाऱ्याला, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या पोरीलासुद्धा. पण गेली तीन वर्षं तिच्या शिव्यांचा सगळ्यात मोठा वाटा जायचा तो नवऱ्याच्या पिकअपला. 'लोखंड्या' म्हणायची ती तिला. अंगणात उभी असली की येताजाता ऐकवायची, "पाय पसरून बसला पाहा कसा! शेण नाही, गोमूत्र नाही, नुसता धूर!"

तिचं माहेर बोरी अरबचं. अठराव्या वर्षी लग्न होऊन घाटंजी तालुक्यातल्या पठारावरच्या या गावात आली. सासरी कापूस, सोयाबीन, तुरीचं चौदा एकर रान आणि गोठ्यात चार बैल. त्या घरची एक रीत गावात कुठंच नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात, म्हणजे वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला कोमट हळद-तूप चोळतात. ते काम बाकीच्या घरी गडीमाणसं करायची. इथं मात्र घरच्या बाईनंच करायचं. सासूनं पहिल्याच वर्षी हातात वाटी दिली आणि सांगितलं, "ज्याच्या जिवावर खातो त्याच्या आंगाले आपला हात लागला पाह्यजे."

एकतीस पोळे विमलताईनं खांद शेकली. जू जिथं घासतं तिथले केस झडून कातडं कसं गुळगुळीत, चकचकीत होतं, हे तिच्या बोटांना तिच्या डोळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मग एका वर्षी नवऱ्यानं, मारोतरावांनी, शेवटची जोडी विकली आणि जुनी पिकअप आणून दारात उभी केली. विमलताई त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती बोलत नाही म्हटल्यावर सगळी आळी घाबरली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं जेव्हा दूधवाल्याचा उद्धार केला तेव्हा कुठं लोकांच्या जिवात जीव आला.

शिव्या वरवरच्या होत्या. खाली होती ती भीती. बैल अंधारातही घर शोधत येतात, या लोखंडाला घर काय माहीत? गाडी गावाबाहेर पडली की हॉर्न परत कानी पडेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. तिचं देवाकडं मागणं एकच होतं, गेलेला माणूस धड घरी यावा. बाकी त्या गाडीचं काय वाट्टेल ते होवो.

मारोतराव थ्रेशर भाड्यानं फिरवायचे. मूग, सोयाबीन, तूर, ज्याचं जे असेल ते काढून द्यायचं. स्वतःचं इंजिन असलेलं ते दोन चाकांचं धूड पिकअपच्या मागं जोडायचं आणि गावोगाव न्यायचं. पण गावातून कुठंही जायचं तरी आधी दीड किलोमीटरचा उतार, खाली नाल्यावरचा अरुंद पूल, आणि येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा. गेल्या तुरीच्या हंगामात पिकअपनं त्या चढावर तीनदा मान टाकली. एकदा तर धावजीच्या शेतातल्या बायांनी मागून रेटा दिला तेव्हा ती वर आली. धावजी पुलाजवळच्या तांड्यावरचा, त्याचं रान रस्त्याला लागूनच. महिनाभर तो भेटेल त्याला हे सांगत होता. मारोतरावांना ते फार लागलं.

आणि डिझेल? विचारू नका. लिटरला आठ. ट्रकवालेसुद्धा हळहळायचे.

शेवटी ते गाडी घेऊन घाटंजीला उत्तमसिंगाकडं गेले. उत्तमसिंगही त्याच तांड्यावरचा, चाळिशीचा, बसस्टँडमागं त्याचं गॅरेज. गाडी आली की तो आधी सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरायचा आणि तो किती काळा होतो ते बघायचा. मारोतरावांच्या गाडीनं त्याचा रुमाल कायमचा वाया घालवला.

"काका, गाडीत ताकद हाय, पण गळून जाऊन राह्यली," तो बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "टर्बोच्या पायपाले चीर पडली पाहा. इंजिनले हवाच पुरत नाही. मंग डिझल जाते आन् नुसता धूर निघते."

चार दिवस गाडी त्याच्याकडं होती. पाइप नवा टाकला, नोझल यवतमाळहून साफ करून आणले, क्लच प्लेट बदलली, मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवला, टायरांत हवा मापानं भरली आणि मागं जाडजूड नवा हूक बसवला. मारोतराव गाडी घेऊन आले, थ्रेशर जोडलं, उतार उतरून पुलावरून वळवलं आणि चढाला लागले. दुसऱ्या गिअरमध्ये, एका दमात, गाडी वर! धावजी बांधावर उभा राहून बघत होता. त्याच्या हातातली विडी विझली तरी त्याला कळलं नाही.

खरा धक्का पुढं होता. मारोतरावांनी टाकी काठोकाठ भरून घेतली, दोन दिवस गाडी फिरवली, परत काठोकाठ भरली. हिशेब केला आणि पंपावरच मटकन खाली बसले. लिटरला तेरा! पंपावरच्या पोराला म्हणाले, "तुह्या मशीनमधे बिघाड हाय, परत भर." पोरानं कपाळावर हात मारला. टाकीत आणखी थेंब मावत नव्हता. थ्रेशर मागं असतानासुद्धा दहाच्या खाली येईना. घरी येऊन त्यांनी हे विमलताईला असं सांगितलं जणू पोरगा पहिला आला.

उत्तमसिंगानं मात्र गाडी देतानाच बजावलं होतं. "काका, ओढणं वाढलं, थांबणं तेवढंच हाय. थ्रेशरले सोताचे ब्रेक नाहीत, उतारावर ते मागून ढकलते. त्याले ब्रेक बसवून देतो. दोन दिवसाचं काम."

"पोळा होऊ दे, मंग पाहू."

"मंग उतारावर दुसऱ्या गेरच्या वरते जाऊ नका."

"तू मले गाडी शिकवतं का बे?" मारोतराव हसत म्हणाले. विमलताई तेव्हा सोबत होती, दवाखान्यातून येताना गॅरेजवर थांबलेली. तिनं ते ऐकलं. एवढंच समजलं की या गाडीत आता पूर्वीपेक्षा जास्त जोर आला आहे. आणि जोर आलेलं जनावर कसं असतं, ते तिला माहीत होतं.

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. घराघरातून हळद-तुपाचा वास यायला लागला. तीन वर्षं या वासानं विमलताई कावरीबावरी व्हायची, उगाच भांडी आपटायची. यंदा तिच्या मनात आलं ते आलंच. बैल नसतील, पण ओढणारा तर आहे ना दारात? त्याच्याच जिवावर खातो ना आपण? तीन वर्षं त्याला नुसत्या शिव्या दिल्या. उद्या रागानं त्यानं माझ्या माणसाला कुठं नेऊन टाकलं तर?

मारोतराव पारावर गेले होते. तिनं वाटीभर तूप कोमट केलं, घरी कढवलेलं, म्हशीचं. त्यात हळद कालवली, चोळायला पळसाची पानं घेतली आणि पिकअपपुढं जाऊन उभी राहिली. आता याची खांद कुठं? बैलाची पुढं असते, तर याचीही पुढंच असणार. तिनं पुढच्या चाकांवरच्या पत्र्याला हळद-तूप चोळलं. पण हाताला समाधान होईना. पत्रा तो पत्रा, त्याला काय दुखणार? मग खाली वाकून तिनं चाकाच्या भोकांतून आत पाहिलं.

आत एक गोल जाड थाळी होती. घासून घासून चकचकीत झालेली, वर बारीक बारीक चरे पडलेले. विमलताईचा जीव एकदम कळवळला. हीच की ती जागा! इथंच घासतं सगळं, इथंच दुखतं याचं. बाप्पा बाप्पा, तीन वर्षं कोणी हात म्हणून लावला नाही इथं!

पान भोकातून जाईना, म्हणून तिनं बोटं बुडवली. एका बाजूनं भोकांतून, दुसऱ्या बाजूनं मडगार्डखालून हात घालून, जिथवर पोचेल तिथवर, दोन्ही चाकांना. वाटी रिकामी झाली तेव्हा थांबली. मग एकतीस वर्षं बैलांना द्यायची तसंच लोखंड्यालाही आवतण दिलं, उद्या जेवायला ये म्हणून. आणि हळूच पुढं म्हणाली, "माह्या माणसाले धड घरी आणत जाजो बाबा."

रात्री मारोतरावांना मडगार्ड पिवळं दिसलं. "लोखंडाची खांद शेकली का वं?"

"शेकली. बैलं गेली तं रीतबी सोडू का?"

ते हसले. पण त्यांना बरं वाटलं होतं, ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशी पोळ्याला तिनं गाडी जागची हलू दिली नाही. ओढणाऱ्याला पोळ्याला जुंपत नाहीत. यवतमाळला दुकानात नोकरीला असलेला मुलगा पिंटू सणाला आला होता. त्यानं टपावर झेंडूचा हार टाकला, फोटो काढला, आणि पुरणाची पोळी बोनेटवर ठेवताना आईचाही काढला.

कर उजाडली. पोळ्याचा दुसरा दिवस. खालच्या गावात मूग काढायचा होता, म्हणून मारोतराव सकाळीच थ्रेशर जोडून निघाले. गाडीचा आवाज उताराकडं गेला आणि विमलताई भांडी घासायला बसली.

तिसरं ताट घासत होती, तेव्हा पिंटूचा फोन वाजला. पलीकडून धावजी ओरडत होता, ते तिला ओट्यावरून ऐकू येत होतं. "लवकर या! गाडी माह्या पऱ्हाटीत घुसली! मारोतराव बोलून राह्यले, पण तुमी लवकर या!"

विमलताईच्या हातून ताट पडलं. पिंटूच्या मोटरसायकलवर ती कशी बसली, चप्पल घातली की नाही, तिला काही आठवत नव्हतं. उतार उतरताना एवढंच दिसत होतं की रस्त्यावर चाकांच्या खुणा नाहीत. मारोतराव गाडी थांबवायला गेले असते तर टायर घासले असते. इथं काहीच नव्हतं, नुसता स्वच्छ डांबरी रस्ता. आणि पुलाच्या अलीकडं डाव्या हाताला, कंबरेएवढ्या कपाशीच्या पऱ्हाटीत दोन नांगरल्यासारखे चर.

चराच्या शेवटी पिकअप काळ्या मातीत पार पोटापर्यंत रुतलेली. हूक पिळवटून तुटलेला. थ्रेशर वीस हात मागं आडवं पडलेलं, त्याचं एक चाक वर. आणखी पन्नास पावलं गाडी सरळ गेली असती तर पुलाचा कठडा, आणि कठड्याखाली भरलेला नाला. पावसानं भिजलेल्या मातीनं चाकं धरली, म्हणून माणूस वाचला.

मारोतराव बांधावर बसले होते. कपाळ फुटलेलं, त्यावर धावजीचा फेटा बांधलेला, डावा हात दुपट्ट्यानं गळ्यात अडकवलेला. विमलताई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं कपाळावरच्या फेट्याला हात लावून पाहिला.

"ब्रेकच लागले नाही वं," मारोतराव म्हणाले. आवाज चिरका झालेला. "पाय पार खालपर्यंत दाबला. मांगून थ्रेशर रेटते, पुढून गाडी थांबत नाही. मले वाटलं आता नाल्यातच." मग त्यांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि आवाज चढवला. "उत्तमसिंगानं मारलं मले! गाडी खोलली आन् ब्रेकची वाट लावून ठेवली!"

लोक खवळले. विमलताईला काय करावं सुचेना, म्हणून ती गाडीकडं गेली. ज्यानं आपला माणूस मारायला नेला होता त्याला बघायला. पुढच्या चाकाशी पोचली आणि तिथंच थिजली.

वास येत होता. करपलेल्या तुपाचा. करपलेल्या हळदीचा.

तिनं वाकून भोकातून पाहिलं. ती चकचकीत थाळी आता तपकिरी-पिवळी झाली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना चिमटा धरावा तसे दोन गुटके तिला चिकटून होते. ते तिला त्या संध्याकाळी दिसलेच नव्हते. आता दिसले, आणि ते कशाला असतात हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. ती जागा दुखण्याची नव्हती. ती थांबवायची जागा होती. धरून ठेवायची. आणि तिनं आपल्या हातानं, वाटीभर घरचं तूप घालून, ती निसरडी केली होती. नवरा धड घरी यावा म्हणून!

अगं माय! ती पऱ्हाटीत खाली बसली. कोणीतरी म्हणालं, वहिनीला चक्कर आली, पाणी द्या. तिनं पाणी देणारा हात झिडकारला.

तेवढ्यात पुलावरून उत्तमसिंगाची मोटरसायकल आली. धावजीनंच त्यालाही फोन केला होता. तो गाडी स्टँडवर लावून धावत आला. "काका, लागलं का जास्त?" एवढंच तोंडातून निघालं आणि पिंटूनं त्याची कॉलर धरली.

"माह्या बापाले मारायले गाडी दुरुस्त केली का बे?"

"पिंटूभाऊ, म्या ब्रेकले हात नाही लावला. पाहू तं दे..."

पिंटूनं त्याच्या तोंडात मारली. आवाज एवढा मोठा झाला की सगळे दचकले. मग दुसरी. उत्तमसिंगाचा ओठ फुटला. तो हात उचलत नव्हता, नुसता म्हणत होता, पाहू द्या, एकदा चाक पाहू द्या. धावजी मधे पडला, "मारू नको! आमच्या तांड्याचा हाय म्हणून कोणीबी मारन का?" पण आणखी दोघंतिघं पुढं सरकले होते. आणि मारोतराव बांधावरून सगळं बघत होते, गप्प.

"थांबा!"

विमलताईचा तो आवाज. दीड किलोमीटर वर गावातही गेला असेल.

"त्याले हात लावू नका. त्यानं काही नाही केलं. म्या केलं."

सगळे वळले. ती उठून उभी राहिली होती, लुगडं चिखलानं भरलेलं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी म्या गाडीची खांद शेकली. ते आतली थाळी हाय ना, तिले तूप चोळलं. वाटीभर. मले वाटलं तेच दुखते त्याचं. जा, पाहा, वास घ्या!"

कोणी जागचं हललं नाही. एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. उत्तमसिंग मात्र गेला. चाकाशी बसला, भोकातून बोट घातलं, बाहेर काढून हुंगलं, आणि तसाच बसून राहिला. पिंटूचा उगारलेला हात अजून खाली आला नव्हता. तो आईकडं असा बघत होता, जणू ही कोणी परकी बाई आहे. सगळ्यांच्या तोंडाचा आ झाला होता.

एकट्या मारोतरावांच्या नाही. ते मातीकडं बघत होते.

विमलताईला आधी वाटलं, मार लागला आहे, ऐकू गेलं नसेल. मग तिला दिसलं की त्यांना सगळं ऐकू गेलं आहे. आश्चर्य मात्र वाटलेलं नाही. चौतीस वर्षांचा संसार, तिला ते तोंड वाचता येत होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. फोन ऐकूनही आला नव्हता, तुटका हूक पाहूनही आला नव्हता, तो आता आला.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

त्यांनी उजव्या हातानं गळ्यातला दुपट्टा सारखा केला.

"बोला ना! माहीत होतं का नाही?"

"ब्रेक दाबला तवाच वास आलता," मारोतराव पुटपुटले. "आपल्या घरचं तूप मले वळखू येत नाही का?"

"मंग याले मार काहून खाऊ देला?"

"तुह्यं नाव झालं असतं वं. बायकोनं नवऱ्याले उतारावरून ढकललं, मनले असते लोक. मरेपर्यंत मनले असते."

"मनू देले असते!" तिचा आवाज फाटला. "मनू देले असते तं काय मेली असती का मी? तुमी गाडी कोणत्या गेरमधे घातली होती, ते सांगा."

मारोतरावांनी डोळे मिटले. "तिसऱ्या."

उत्तमसिंगानं मान वर केली. उठला, ओठाचं रक्त शर्टाच्या बाहीला पुसलं आणि मोटरसायकलकडं चालायला लागला.

"थांब बाबा, उत्तमसिंग, थांब," विमलताई ओरडली आणि नवऱ्याकडं वळली. "उठा. हात जोडा त्याले."

मारोतराव धावजीच्या आधारानं कसेबसे उभे राहिले. डावा हात गळ्यात होता, तो हलेना. त्यांनी उजवा वर केला. तो एकटाच छातीपुढं उभा राहिला, त्याला जोडायला दुसरा नव्हता. विमलताई त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि तिनं आपला डावा तळवा त्यांच्या उजव्या तळव्याला लावला. एक हात त्यांचा, एक तिचा. असे ते दोघं उभे राहिले, सगळ्या गावादेखत, पऱ्हाटीतल्या चिखलात.

उत्तमसिंगानं पाहिलं. नाही असं नाही, चांगलं पाहिलं. मग किक मारली आणि पुलावरून घाटंजीकडं निघून गेला. त्याच्या गाडीचा आवाज बंद झाला तरी दोघांचे हात तसेच जोडलेले होते, आणि ते खाली घ्या म्हणायला तिथं कोणाची जीभ उचलली नाही.